तराजूचा आकडा : क्रमिक संवादातील स्थान आणि अर्थ

लोअर परळमधील ना. म. जोशी मार्गाला जुने रहिवासी अजूनही डिलाइल रोड म्हणतात. तेथील किराणा दुकानांत साखळ्यांना टांगलेली पितळी पारडी आता क्वचितच आढळतात. त्यांच्या जागी पोलादी तबकडीचा इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे. दुकानदार तबकडीवर पिशवी ठेवतो आणि क्षणार्धात लाल किंवा हिरवा आकडा उमटतो. पारडे वर जाते की खाली येते, हे पूर्वी गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत असे. आता त्याला केवळ आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो. हा आकडा पडद्यावर येण्यापूर्वी काट्याच्या पोटात दोन चिपांमध्ये एक लहानसा संवाद घडून गेलेला असतो. त्या संवादात वक्ता आहे, श्रोता आहे, बोलण्याची पाळी आहे आणि उभयमान्य संकेतही आहेत. म्हणूनच तो भाषेच्या अभ्यासकाच्याही विचाराचा विषय ठरतो. या संवादाचे व्याकरण कसे आहे, आणि मानवी भाषेपासून ते नेमके कोठे वेगळे होते, हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वजनापासून आकड्यापर्यंत

वजन करून त्यावरून आकडा काढण्याची रीत या वस्तीला नवी नाही. येथील कापड गिरण्यांत सुताचा 'नंबर' अशाच रीतीने ठरत असे. ८४० वारांची एक लड मानली, तर एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. प्रत्यक्षात १२० वार सूत मोजून घेत व ते ग्रेनमध्ये तोलत. १००० ला त्या वजनाने भागले की नंबर मिळे. हे १२० वार २५ ग्रेन भरले, तर सूत चाळीस नंबरचे होय. सूत जितके बारीक, तितका आकडा मोठा. ज्याला हा संकेत ठाऊक नाही, तो चाळीस नंबरचे सूत वीस नंबरपेक्षा जाड समजेल. आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो संकेताने येतो, ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार प्रत्ययास येईल.

आजच्या काट्यात तबकडीखाली धातूचा एक ठोकळा असतो. भार पडला की तो किंचित वाकतो. त्यावर चिकटविलेल्या बारीक तारांच्या पट्ट्या ताणल्या किंवा आखडल्या जातात, त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्या प्रमाणात एक अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो. १० किलोग्रॅम क्षमतेच्या ठोकळ्याला ५ व्होल्ट पुरविले, तर पूर्ण भाराखाली हा दाब सुमारे १० मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा शंभरावा भाग, एवढाच असतो. तो अखंड असतो. तराजूच्या दांडीप्रमाणे तो कोणत्याही स्थितीत थांबू शकतो. याउलट हिशेब करणारा नियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, केवळ शून्य आणि एक हे दोनच अंक जाणतो. अखंड दाबाला या दोन अंकांच्या माळेत रूपांतरित करणाऱ्या चिपेला येथे रूपांतरक म्हटले आहे.

मोठे माप आधी

रूपांतरक अंक कसा शोधतो, हे समजण्यासाठी जुनी मराठी मापे उपयोगी पडतात. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. तत्पूर्वीच्या शेराचे भाग निम्म्यानिम्म्याने होत गेलेले होते : शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा नवटाक आणि त्याचा निम्मा छटाक. सोळा छटाकांचा शेर होई. छटाकाच्या भाषेत ही मापे ८, ४, २ आणि १ अशी मांडता येतात. आधुनिक यंत्राचे द्विमान अंक याच प्रमाणात चढतात.

समजा, एका वस्तूचे वजन अकरा छटाक आहे, परंतु तोलणाऱ्याला ते ठाऊक नाही. तो प्रथम अच्छेर पारड्यात टाकतो. वस्तू जड ठरते, म्हणून अच्छेर राहतो. मग तो पावशेर टाकतो. आता मापे बारा छटाक होऊन वस्तूपेक्षा जड होतात, म्हणून तो पावशेर उचलतो. नंतर नवटाक टाकतो. दहा छटाक झाले, माप राहते. शेवटी छटाक टाकतो आणि दांडी समतोल होते. राहिलेल्या मापासाठी एक व उचललेल्यासाठी शून्य लिहिले, तर १०११ ही माळ मिळते. द्विमान पद्धतीत अकरा हा अंक असाच लिहितात.

मायक्रोचिप कंपनीची एमसीपी३००८ ही चिप याच रीतीने काम करते. तिच्यात मापांच्या ऐवजी विद्युत्‌भार असतात, आणि चारऐवजी दहा पायऱ्या असतात. मोठ्या मापाचा निर्णय प्रथम होतो, म्हणून मोठ्या स्थानाचा अंक प्रथम पाठविला जातो. संदेशाचा क्रम येथे शोधाच्या क्रमातून उद्भवलेला आहे. त्याचा आणखी एक लाभ असा की, संदेश मध्येच तुटला तरी हाती आलेला भाग स्थूलमानाने खरा असतो. केवळ लहान स्थानांचे अंक आधी आले आणि माळ तुटली, तर काहीच कळत नाही. दहाही अंक पाठवून झाल्यावर कालस्पंद चालूच ठेवले, तर हीच चिप तोच अंक उलट क्रमाने, लहान स्थानापासून, पुन्हा सांगते. श्रोत्याच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था लक्षणीय आहे.

एका वाक्याची रचना

काट्यांसाठी मुद्दाम बनविलेल्या चिपांत एचएक्स७११ ही विशेष प्रचलित आहे. ती निम्म्यानिम्म्या मापांनी तोलत नाही. ती दाबाची अतिशय जलद आणि स्थूल अशी असंख्य परीक्षणे करून त्यांची सरासरी काढते. तथापि उत्तर सांगताना तीही मोठे स्थान आधी हाच क्रम पाळते. तिचे उत्तर चोवीस द्विमान अंकांचे असते. पूर्ण वर्धनाच्या वेळी तिचा आवाका उणे २० ते अधिक २० मिलिव्होल्ट एवढा असल्याने चोवीस अंकांतील सर्वांत लहान पायरी व्होल्टच्या सुमारे अडीच अब्जांश भागाइतकी येते. अर्थात शेवटच्या काही अंकांत वजनापेक्षा विद्युत्‌गोंगाटच अधिक असतो.

या चिपेकडून नियंत्रकाकडे जाणाऱ्या तारा दोनच. एकीवरून नियंत्रक कालस्पंद पाठवितो. दुसरीवरून चिप अंक सांगते. संवादाची रीत पुढीलप्रमाणे आहे. चिप तोलण्यात गुंतलेली असताना अंकाची तार वरच्या पातळीवर असते. उत्तर सिद्ध झाले की ती तार खाली येते. याचा अर्थ 'बोलण्यास सज्ज' असा होतो. त्यानंतर नियंत्रक एक एक स्पंद देतो आणि प्रत्येक स्पंदाला चिप एक एक अंक सांगते. चोवीस स्पंदांत उत्तर पुरे होते. मग पंचविसावा स्पंद दिला की तार पुन्हा वर जाते आणि चिप पुढच्या तोलण्याला लागते.

या पंचविसाव्या स्पंदाचे कार्य मात्र केवळ पूर्णविरामाचे नाही. एकूण स्पंद पंचवीस झाले, तर पुढचे तोलणे पहिल्या प्रवेशातून १२८ पट वर्धनाने होते. सव्वीस झाले, तर दुसऱ्या प्रवेशातून ३२ पट वर्धनाने होते. सत्तावीस झाले, तर पुन्हा पहिल्या प्रवेशातून, परंतु ६४ पट वर्धनाने होते. एमसीपी३००८ ला कोणता प्रवेश मोजावयाचा हे निराळ्या तारेवरून, अंकांच्या रूपाने सांगावे लागते. एचएक्स७११ ला तो प्रश्न स्पंदांच्या संख्येतूनच विचारला जातो. जणू एका वाक्याला लागलेला प्रत्यय पुढच्या वाक्याचा अर्थ ठरवितो.

मौनालाही या भाषेत अर्थ आहे. स्पंदाची तार खालच्या पातळीवर असताना नियंत्रक थोडा थांबला तरी चालते. पण तार वर असताना तो ६० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ थांबला, तर चिप ती झोपेची आज्ञा समजते. मग तार खाली येताच ती जागी होते आणि सर्व काही मुळापासून आरंभते. नियंत्रक मध्येच दुसऱ्या कामाकडे, उदाहरणार्थ पडदा उजळण्याकडे वळला, तर अनवधानाने ही आज्ञा दिली जाऊ शकते. मानवी संभाषणात बोलणाऱ्याला खोकला आला म्हणून ऐकणारा उठून जात नाही. येथे विराम आणि आज्ञा यांतील भेद केवळ कालमानाने ठरतो.

एक स्पंद अधिक

आता या रचनेतील मर्मस्थानाकडे वळता येईल. समजा, एका काट्यात रिकाम्या तबकडीचा कच्चा अंक ८०,००० आहे आणि प्रत्येक ग्रॅममागे ४०० ची भर पडते. अर्धा किलोग्रॅम माल ठेवला की चिप २,८०,००० हा अंक सांगेल. नियंत्रक त्यातून ८०,००० वजा करील आणि ४०० ने भागून ५०० ग्रॅम दाखवील. रिकाम्या तबकडीचा अंक असा वजा करणे म्हणजे दुकानदाराच्या भाषेत धडा करणे होय. तेलाचे भांडे आधी तोलून त्याच्या वजनाइतकी भर दुसऱ्या पारड्यात टाकीत, तीच ही क्रिया.

समजा, आता शेजारच्या मोटारीच्या गोंगाटाने स्पंदाच्या तारेवर एक खोटा स्पंद उमटला. चिपेला तो खराच वाटतो आणि ती एक अंक पुढे सरकते. नियंत्रकाला त्याची वार्ताही नसते. पहिला अंक निसटतो, उरलेली माळ एका स्थानाने डावीकडे सरकते आणि शेवटच्या जागी पंचविसाव्या स्पंदाची वरची पातळी, म्हणजे एक, येऊन बसते. नियंत्रकाच्या हाती ५,६०,००१ हा अंक येतो. त्यातून धडा वजा केला आणि ४०० ने भागले, तर १ किलो २०० ग्रॅम मिळतात. तबकडीवर माल अर्धा किलोच आहे. शिवाय नियंत्रकाचा पंचविसावा स्पंद चिपेच्या हिशेबी सव्विसावा असल्याने पुढचे तोलणे दुसऱ्याच प्रवेशातून होते, आणि तेथे तर कोणताही ठोकळा जोडलेला नसतो. एका स्पंदाची चूक दोन वाक्यांचा अर्थ बिघडविते.

येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, चुकीचे उत्तरही पूर्णतः सुघटित आहे. चोवीस अंकांची कोणतीही माळ या भाषेत शुद्ध वाक्यच असते. व्याकरणाने अग्राह्य ठरेल असे वाक्य तिच्यात संभवतच नाही. म्हणून नियंत्रकाला केवळ संदेश पाहून चूक ओळखता येत नाही.

स्पंद बरोबर पोहोचले आणि एखादाच अंक पालटला, तरी परिणाम त्या अंकाच्या स्थानावर अवलंबून असतो. सर्वांत लहान स्थानाचा अंक पालटला, तर ग्रॅमच्या चारशेव्या भागाचा फरक पडतो. तो कोणालाही कळणार नाही आणि कळण्याची आवश्यकताही नाही. चिन्हाच्या अंकाखालचे सर्वांत मोठे स्थान पालटले, तर सुमारे साडेदहा किलोंचा फरक पडतो. तो कोणाच्याही दृष्टीस येईल. खरा धोका मधल्या स्थानांत आहे. ४०९६ या मूल्याचे स्थान पालटले, तर फरक सुमारे १० ग्रॅमचा होतो. पाच किलो तांदळात तो नगण्य आहे. परंतु लालबागच्या मसाल्याच्या दुकानात पन्नास ग्रॅम वेलची घेणाऱ्याला तो पाचवा हिस्सा पडतो, आणि आकडा पाहून शंका यावी असे त्यात काहीच नसते.

स्थानाचे व्याकरण

केवळ स्थानावरून अर्थ ठरविण्याची युक्ती भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत यथासंख्य-नियम आहे (१.३.१०). समान संख्येच्या दोन याद्या दिल्या असतील, तर त्यांतील घटक अनुक्रमे परस्परांशी जोडावेत, असे तो सांगतो. या नियमामुळेच ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अनुक्रमे अय्, अव्, आय्, आव् येतात, आणि नयन, पवन, नायक, पावक ही रूपे सिद्ध होतात. कोणता आदेश कोणाचा, हे कोठेही शब्दाने सांगितलेले नाही. ते क्रमाने कळते. पण यादी एका स्थानाने सरकली, तर 'नयन' ऐवजी 'नवन' सिद्ध होईल. ध्वनींच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, परंतु तो इष्ट शब्द नव्हे. काट्यातील सरकलेल्या स्पंदाचे व याचे साम्य उघड आहे. भेद एवढाच की, संस्कृत जाणणारा 'नवन' ऐकताच थबकतो. नियंत्रक थबकत नाही.

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वाचकाची रेषीयता हे भाषिक चिन्हाचे एक मूलतत्त्व म्हणून सांगितले आहे. ध्वनी एकामागून एक काळाच्या रेषेवरच यावे लागतात. त्या दृष्टीने पाहता मानवी भाषाही क्रमिकच आहे. परंतु मानवी भाषा सर्व भार क्रमावर टाकीत नाही. मराठी संख्यावाचन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. 'दोन लाख पंचेचाळीस हजार तीनशे सत्तावन्न' या संख्येत लाख, हजार, शेकडा ही गटांची मांडणी मोठ्याकडून लहानाकडे जाते. परंतु 'पंचेचाळीस' मध्ये पाच आधी व चाळीस नंतर येतात, आणि 'सत्तावन्न' मध्येही सात आधी व पन्नास नंतर. एकाच संख्येत दोन परस्परविरुद्ध क्रम नांदतात. तरीही ऐकणारा गोंधळत नाही, कारण प्रत्येक घटकाने आपले स्थान आपल्या रूपातच धारण केलेले असते. 'चाळीस' कोठेही आले तरी ते दशकाचेच, आणि 'लाख' कोठेही आले तरी ते लाखाचेच. चिपेच्या 'एक' वर असे कोणतेही चिन्ह नसते. तो अकरावा आला की बारावा, यावरच त्याचे मूल्य अवलंबून असते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशी दशक-प्रथम रचना देण्यात आली आणि तीवर बराच वाद झाला. लेखनात दशक आधी आणि उच्चारात एकक आधी, ही विसंगती बालकांना अवघड जाते, हा त्या बदलामागील विचार होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या वादातून एवढे निष्पन्न होते की, क्रम हा संकेत आहे. दोन्ही क्रम कार्यक्षम असू शकतात. मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांचा क्रम एकच असावा लागतो.

अतिरिक्ततेचे मोल

'ती मोठी गाडी आली' या वाक्यात स्त्रीलिंग एकदाच सांगून भागले असते. प्रत्यक्षात सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद या तिघांनीही ते सांगितले आहे. लोकल गाडीच्या खडखडाटात 'मोठी' चा अन्त्य स्वर ऐकू आला नाही, तरी श्रोता तो भरून काढतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या संदेशवहनाच्या गणितात या गुणाला महत्त्वाचे स्थान आहे. इंग्रजी लेखनाचा सुमारे निम्मा भाग असा अतिरिक्त असतो, असा त्यांचा अंदाज होता. लिंगवचनाची ही पुनरुक्ती व्याकरण शिकणाऱ्याला जाचक वाटते. पण गोंगाटात तीच संदेशाचे रक्षण करते.

एचएक्स७११ च्या संवादात अशी अतिरिक्तता जवळजवळ नाही. चोवीस अंकांबरोबर पडताळ्याचा एकही अंक येत नाही. तार, वेळ आणि खर्च यांची ही काटकसर आहे, आणि दोन्ही चिपा एकाच पाटीवर बोटाच्या अंतरावर असतील तर ती समर्थनीयही आहे. परंतु जी खातरजमा संदेशात नाही, ती संदेशाबाहेरून आणावी लागते. काटे बनविणारे ती अनेक प्रकारे आणतात. उत्तर अनेकदा घेऊन जुळेपर्यंत ते दाखवीत नाहीत. एकाएकी उडी मारणारा अंक गाळतात. आवाक्याच्या टोकाला पोहोचलेला अंक अविश्वसनीय मानतात. स्पंद देत असताना नियंत्रकाला दुसऱ्या कामाकडे वळू देत नाहीत. प्रवेश बदलला असेल, तर चिप स्थिरावेपर्यंत, म्हणजे सेकंदाला दहा उत्तरे देण्याच्या गतीत सुमारे ४०० मिलिसेकंद, थांबतात. या सर्वांच्या पलीकडे कायद्याची खातरजमा आहे. २००९ च्या वैध मापन अधिनियमाखाली व्यापारातील काटा ठराविक मुदतीने प्रमाण वजनांशी ताडून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. निरीक्षक तबकडीवर प्रमाण वजन ठेवतो, तेव्हा चिपांच्या संवादाबाहेरचा एक साक्षीदार प्रथमच त्या संवादाची सत्यता तपासतो.

भाषेच्या अभ्यासकाशी या विषयाचा संबंध आणखी एका वाटेने येतो. ध्वनिमुद्रणात आवाजाचा दाबही अशाच रूपांतरकातून अंकांत जातो. प्रचलित ध्वनितबकडीच्या मानकात दर सेकंदाला ४४,१०० वेळा. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगणे याची आज्ञा, यांतील तालव्य व दंततालव्य ज यांचा भेद आलेखावरून ठरविताना अभ्यासक याच अंकांवर विसंबून असतो. फिलिप्स कंपनीने १९८६ मध्ये ध्वनीसाठी मांडलेल्या क्रमिक पद्धतीत प्रत्येक अंकसमूहाचा आरंभ आणि त्याची डावी-उजवी बाजू दाखविण्यासाठी एक स्वतंत्र तार ठेवलेली आहे. एखादा स्पंद निसटला, तरी पुढच्या समूहापाशी गणना पुन्हा जुळते. विरामचिन्हासाठी एक तार खर्ची घातली आणि चूक एका अक्षरापुरती मर्यादित झाली, असे तिचे वर्णन करता येईल.

सारांश, संवादातील अर्थ क्रमावर जितका अधिक विसंबेल, तितका संदेश आखूड होईल, आणि तितकीच त्यातील चूक खऱ्यासारखी दिसेल. मानवी भाषेने शतकानुशतके प्रत्यय, अन्वय आणि पुनरुक्ती यांचे ओझे वाहिले ते व्यर्थ नव्हे. काट्यातील चिपेने ते ओझे टाकले आहे. म्हणून तिचा आकडा स्वीकारण्यापूर्वी त्याचा पडताळा घेण्याचे दायित्व ऐकणाऱ्यावर येते. वेलची घेणारे गिऱ्हाईक आणि ध्वनींचा आलेख वाचणारा संशोधक या दोघांनाही ते सारखेच लागू आहे.